किती लांब, किती आधी, कधीपर्यंत: इंग्रजीत अंतर सांगताना

‘मी तीन दिवसांपूर्वी फॉर्म भरला.’ ‘परीक्षेच्या तीन दिवसांपूर्वी मी फॉर्म भरला.’ मराठीत दोन्हीकडे ‘पूर्वी’ चालून जातं. इंग्रजीत पहिल्या वाक्याला ‘अगो’ लागतं, दुसऱ्याला ‘बिफोर’, आणि अदलाबदल केली की वाक्य लंगडतं. हीच गत ‘पासून’ची, ‘पर्यंत’ची, ‘लवकर’ची आणि ‘लांब’ची. आपला एकेक शब्द इंग्रजीत दोन-तीन शब्दांत फुटतो, म्हणून शब्दाला शब्द पाठ करून हा विषय सुटत नाही. ‘पूर्वी म्हणजे बिफोर’ हे एकदा डोक्यात बसलं की चूक आपोआप होत राहते, आणि ती चूक आहे हे कळतही नाही, कारण समोरच्याला अर्थ बहुतेक वेळा समजलेला असतो.

त्यापेक्षा अंतर सांगणारं वाक्य बोलण्याआधी तीन प्रश्न विचारायची सवय लावा. मोजायला सुरुवात कुठून केली? आपण सांगतोय ते टोक आहे की लांबी? वाक्यात आकडा आहे की नाही? खालच्या पायऱ्या साधारण याच क्रमाने जातात. पहिल्या तीन पायऱ्यांना जास्त वेळ द्या. रोजच्या बोलण्यातल्या बहुतेक चुका तिथेच होतात.

पायरी १: मोजपट्टीचं शून्य शोधा

वेळ मोजताना पट्टीचं शून्य कुठेतरी ठेवावंच लागतं. ते ‘आत्ता’वर आहे की दुसऱ्या एखाद्या घटनेवर, एवढंच आधी ठरवा.

शून्य ‘आत्ता’वर आणि मोजायचं मागे, तर ‘अगो’. ‘आय सबमिटेड द फॉर्म थ्री डेज अगो.’ आकडा आधी, ‘अगो’ नंतर. ‘अगो थ्री डेज’ होत नाही. क्रियापद साध्या भूतकाळात हवं. ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म थ्री डेज अगो’ हे वाक्य अनेकांच्या तोंडी बसलेलं असतं, पण ‘अगो’ घटनेला एका संपलेल्या क्षणाशी खिळा ठोकून बसवतं आणि ‘हॅव’वाला काळ असा खिळा सहन करत नाही. दोन्हींपैकी एकच ठेवा.

शून्य दुसऱ्या घटनेवर असेल तर ‘बिफोर’, आणि ती घटना लगेच पुढे सांगायची: ‘थ्री डेज बिफोर दि एक्झाम’. घटना आधीच सांगून झाली असेल तर ‘थ्री डेज अर्लियर’ किंवा नुसतं ‘थ्री डेज बिफोर’ पुरतं. सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक म्हणजे ‘बिफोर थ्री डेज’. शब्दांचा हा क्रमच इंग्रजी कानाला तीन दिवस पूर्ण व्हायच्या आत असा काहीतरी लागतो. ‘थ्री डेज बॅक’ सगळ्यांना समजतं. बोलताना चालेल, अर्जात किंवा औपचारिक मेलमध्ये ‘अगो’च लिहा.

आकडा नसलेलं ‘बिफोर’ मात्र वेगळं काम करतं. ‘आय हॅव सीन धिस बिफोर’ म्हणजे हे मी याआधी कधीतरी पाहिलंय. इथे ‘हॅव’ बिनधास्त चालतं, कारण कधी पाहिलं ते सांगितलेलंच नाही.

आता पुढे मोजू. शून्य ‘आत्ता’वर असेल तर ‘इन’: ‘आय विल कॉल यू इन टू डेज.’ शून्य एखाद्या घटनेवर असेल तर ‘आफ्टर’: ‘टू डेज आफ्टर दि एक्झाम’. आणि शून्य मागच्या एखाद्या क्षणावर असेल, म्हणजे हकिगत सांगताना, तर ‘लेटर’: ‘टू डेज लेटर, ही कॉल्ड मी.’ आपण ‘दोन दिवसांनंतर’ असं म्हणतो म्हणून ‘आय विल कॉल आफ्टर टू डेज’ तोंडात येतं. ऐकणाऱ्याला ते दोन दिवस होऊन गेल्यावर कधीतरी, असं ऐकू येऊ शकतं. दिवस ठरलेला असेल तर ‘इन’ वापरा.

‘इन’मध्ये मराठी माणसासाठी खास खड्डा आहे. ‘दोन दिवसांनी करतो’ आणि ‘दोन दिवसांत करतो’ यांतला फरक आपल्याला प्रत्ययावरून झटकन कळतो. इंग्रजी ‘इन’ ऐकायला आपल्या ‘-त’सारखं वाटतं, पण भविष्याबद्दल बोलताना ते बहुधा ‘-नी’चं काम करतं. ‘आय विल बी देअर इन टेन मिनिट्स’ म्हणजे दहा मिनिटांनी पोहोचतो. दहा मिनिटांच्या आत कधीही, असं म्हणायचं असेल तर ‘विदिन टेन मिनिट्स’. मुदत पाळण्याचं वचन देताना हा फरक महागात पडतो: ‘विदिन’ ही वरची मर्यादा आहे, ‘इन’ हा अंदाजे क्षण.

‘इन’ खरंच ‘-त’चं कामही करतं, पण कामाला लागलेला वेळ सांगताना: ‘शी रेड द बुक इन टू डेज’, तिने दोन दिवसांत पुस्तक संपवलं. त्यामुळे ‘आय विल फिनिश इट इन टू डेज’ हे वाक्य दोन्ही बाजूंना झुकतं. दोन दिवस काम चालेल, की दोन दिवसांनी पूर्ण होईल? गोंधळ नको असेल तर शेवटी ‘टाइम’ जोडा: ‘इन टू डेज टाइम’. याचा अर्थ फक्त ‘दोन दिवसांनी’ असाच होतो. लिहिताना ‘डेज’च्या ‘एस’नंतर वरचा स्वल्पविराम द्यायचा.

पायरी २: टोक की लांबी

‘२०१५ पासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’. मराठी दोन्हींना ‘पासून’ लावते. इंग्रजी विचारते की तू मला सुरुवातीचं टोक देतोस की सगळी लांबी.

टोक दिलं तर ‘सिन्स’: ‘सिन्स २०१५’, ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स मॉर्निंग’ नव्हे तर ‘सिन्स धिस मॉर्निंग’, ‘सिन्स आय वॉज अ चाइल्ड’. लांबी दिली तर ‘फॉर’: ‘फॉर थ्री इयर्स’, ‘फॉर टू अवर्स’, ‘फॉर अ लाँग टाइम’. ‘सिन्स थ्री इयर्स’ चूक, ‘सिन्स लाँग’ही चूक. तपासायची युक्ती अशी: तो शब्द कॅलेंडरवर किंवा घड्याळावर बोट ठेवून दाखवता येतो का? २०१५, सोमवार, सकाळी नऊ दाखवता येतात, तिथे ‘सिन्स’. ‘तीन वर्षं’ कॅलेंडरवर एका जागी दाखवता येत नाहीत, तिथे ‘फॉर’.

दुसरी चूक क्रियापदाची. ‘मी तीन वर्षांपासून इथे राहतो’ यात मराठी वर्तमानकाळ वापरते, म्हणून ‘आय लिव्ह हिअर फॉर थ्री इयर्स’ किंवा ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ असं भाषांतर होतं. मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत ‘हॅव’ लागतंच: ‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर थ्री इयर्स’, किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर’. ‘हॅव’ काढून ‘आय लिव्ड हिअर फॉर थ्री इयर्स’ म्हटलं तर तीन वर्षं राहिलो, आता राहत नाही, असा अर्थ होतो. एका छोट्या शब्दाने माणूस घर सोडून जातो.

‘पासून’चा तिसरा वाटेकरी ‘फ्रॉम’. दोन्ही टोकं सांगायची असतील तर ‘फ्रॉम टेन टू फाइव्ह’. ‘बिट्वीन’ घेतलं तर जोडणी ‘अँड’ने करायची, ‘बिट्वीन टेन अँड फाइव्ह’. ‘बिट्वीन टेन टू फाइव्ह’ ही दोन वाक्यांची खिचडी आहे. पुढे सुरू होणाऱ्या गोष्टीला ‘सिन्स’ कधीच लागत नाही: ‘द लायब्ररी विल बी ओपन फ्रॉम मंडे’. नुसती सुरुवात सांगायची असेल तर ‘द क्लास स्टार्ट्स ऑन मंडे’. सुरुवात ही एका क्षणाची घटना, तिला ‘फ्रॉम’ची शेपटी लागत नाही.

पायरी ३: ‘पर्यंत’चे तुकडे करा

‘सोमवारपर्यंत काम संपव’ आणि ‘सोमवारपर्यंत इथेच थांब’. पहिल्यात काम सोमवारी किंवा त्याआधी कधीही एकदा पूर्ण झालं की झालं. दुसऱ्यात थांबण्याची क्रिया सोमवार उजाडेपर्यंत अखंड चालू आहे. इंग्रजी पहिल्याला ‘बाय’ देते, दुसऱ्याला ‘अनटिल’ किंवा ‘टिल’: ‘फिनिश इट बाय मंडे’, ‘स्टे हिअर अनटिल मंडे’.

ओळखायची खूण: क्रियेच्या आधी ‘सतत’ किंवा ‘तोवर’ घालून पाहा. ‘सतत थांब’ जमतं, तिथे ‘अनटिल’. ‘सतत उत्तर पाठव’ हे हास्यास्पद वाटतं, तिथे ‘बाय’. ‘प्लीज रिप्लाय अनटिल मंडे’ असं लिहिणारा माणूस नकळत समोरच्याला सोमवारपर्यंत उत्तरं पाठवत राहा असं सांगत असतो.

नकार आला की ‘अनटिल’ अर्थ बदलतं. ‘तो पाचपर्यंत आला नाही’ या मराठी वाक्यात तो नंतर आला की आलाच नाही हे उघडंच राहतं. ‘ही डिडन्ट कम अनटिल फाइव्ह’ असं म्हटलं की ऐकणारा धरून चालतो की पाचला आला, त्याआधी नाही. पाच वाजले तरी त्याचा पत्ता नव्हता, एवढंच सांगायचं असेल तर ‘बाय फाइव्ह, ही स्टिल हॅडन्ट कम’.

आणि ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांबू’ या वाक्यातला ‘नाही’ इंग्रजीत उचलून नेऊ नका. ‘अनटिल ही डझन्ट कम’ चूक, ‘अनटिल ही कम्स’ बरोबर. ‘नाही’चा अर्थ ‘अनटिल’च्या पोटातच असतो. शिवाय इथे घटना भविष्यातली असली तरी ‘विल’ येत नाही: ‘अनटिल ही विल कम’ असंही नाही. ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘व्हेन’ आणि ‘बाय द टाइम’ यांच्यामागेही हाच नियम लागतो.

जागेसाठी ‘पर्यंत’ म्हणायचं असेल तर ‘अनटिल’ बाजूला ठेवा. ‘पुलापर्यंत चाललो’ म्हणजे ‘आय वॉक्ड ॲज फार ॲज द ब्रिज’. ‘अनटिल द ब्रिज’ कुणी सहसा म्हणत नाही, मात्र ‘अनटिल यू रीच द ब्रिज’ चालतं, कारण तिथे पोहोचण्याची घटना आली. ‘आतापर्यंत’ला ‘सो फार’. अंतराचा हा शब्द वेळेत शिरलेला आहे: ‘सो फार, सिक्स पीपल हॅव रिप्लाइड.’

पायरी ४: जागेचं अंतर

इंग्रजी ‘फार’ आणि आपला ‘फार’ कानाला सारखेच, अर्थाने मात्र एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. इंग्रजी ‘फार’ म्हणजे लांब. आता मुख्य नियम: आकडा असेल तिथे ‘फार’ येत नाही. ‘शाळा दोन किलोमीटर लांब आहे’चं ‘टू किलोमीटर्स फार’ करू नका. ‘टू किलोमीटर्स अवे’ म्हणा, किंवा कुठून ते सांगायचं तर ‘टू किलोमीटर्स फ्रॉम द स्टेशन’.

मराठीत याला नेमका जोडीदार आहे: ‘-वर’ हा प्रत्यय. ‘शाळा दोन किलोमीटरवर आहे.’ ‘गाव दोन तासांवर आहे.’ ‘परीक्षा दोन आठवड्यांवर आली.’ तिन्ही ठिकाणी ‘अवे’ बसतं: ‘टू किलोमीटर्स अवे’, ‘टू अवर्स अवे’, ‘दि एक्झाम इज टू वीक्स अवे’. मनातलं मराठी वाक्य आधी ‘-वर’ लावून फिरवून घेतलं की चुकायची सोयच राहत नाही.

आकडा नसेल तेव्हा ‘फार’ प्रश्नात आणि नकारात मोकळेपणाने येतं: ‘हाऊ फार इज इट?’, ‘इट इजन्ट फार.’ साध्या होकारी वाक्यात ‘इट इज फार’ जरा उघडं पडतं. तिथे लोक ‘इट्स अ लाँग वे’ किंवा ‘इट्स अ लाँग वे फ्रॉम हिअर’ म्हणतात. ‘टू फार’, ‘सो फार अवे’, ‘क्वाइट फार’ असा आधार दिला की होकारातही चालतं. वेळेच्या ‘लाँग’चंही असंच आहे: ‘हॅव यू बीन वेटिंग लाँग?’ ठीक, पण होकारात ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर अ लाँग टाइम’.

नामाच्या आधीही ‘फार’ जपून. ‘अ फार सिटी’ नको. ‘अ डिस्टंट सिटी’ किंवा ‘अ फारअवे सिटी’. ‘द फार एंड ऑफ द रूम’ म्हणजे खोलीचं पलीकडचं टोक, ते मात्र पक्कं आहे. ‘लांब रस्ता’ हा ‘लाँग रोड’, कारण तिथे रस्त्याची स्वतःची लांबी मोजली आहे, आपल्यापासूनचं अंतर नाही.

तुलनेचं रूप दोन प्रकारे होतं, ‘फार्दर’ आणि ‘फर्दर’. जागेच्या अंतराला दोन्ही चालतात. अमेरिकेत तिथे ‘फार्दर’कडे कल जास्त, ब्रिटनमध्ये ‘फर्दर’कडे. ‘आणखी’ या अर्थी फक्त ‘फर्दर’: ‘फर्दर डिटेल्स’, ‘अनटिल फर्दर नोटिस’. एकच लक्षात ठेवायचं असेल तर ‘फर्दर’ ठेवा, ते कुठेच अडत नाही.

‘जवळ’साठी ‘निअर’ आणि ‘क्लोज टू’. ‘निअर’च्या मागे काही जोडावं लागत नाही: ‘निअर द स्कूल’. ‘निअर ऑफ’ किंवा ‘निअर फ्रॉम’ अशी रूपं नाहीत. ‘निअरबाय’ म्हणजे जवळपास, ते स्वतंत्र येतं: ‘देअर इज अ पार्क निअरबाय.’ ‘निअरली’ पाहून फसू नका, त्याचा अर्थ ‘जवळजवळ, साधारण’ असा: ‘निअरली टू अवर्स’. ‘निअरेस्ट’ अंतराने सर्वांत जवळचं, ‘नेक्स्ट’ क्रमाने पुढचं. गाडीत बसून ‘व्हेअर इज द निअरेस्ट स्टेशन?’ विचारलं तर उत्तर मागे टाकलेलं स्थानकही असू शकतं.

दोन वस्तूंमधल्या अंतराला ‘अपार्ट’ हा फार सोयीचा शब्द आहे आणि नवशिके तो वापरतच नाहीत. ‘पुट द पोल्स टू मीटर्स अपार्ट’, खांब एकमेकांपासून दोन मीटरवर लावा. वेळेतही चालतो: ‘दे वेअर बॉर्न टू इयर्स अपार्ट.’ ‘ऑफ’ थोडंसं बाजूला असलेलं दाखवतं: ‘जस्ट ऑफ द मेन रोड’ म्हणजे मुख्य रस्त्यावरून वळलं की लगेच.

एक छोटा त्रिकूट वेगळा करून ठेवा. ‘इन द डिस्टन्स’ म्हणजे दूरवर, क्षितिजाकडे. ‘फ्रॉम अ डिस्टन्स’ म्हणजे दुरून. ‘ॲट अ डिस्टन्स’ म्हणजे थोडं अंतर राखून. नकाशावरच्या सरळ रेषेच्या अंतराला ‘ॲज द क्रो फ्लाइज’ म्हणतात. रस्त्याचं अंतर बहुतेक वेळा त्याहून जास्त भरतं, तेव्हा वाट विचारताना उत्तर कोणत्या अंतराचं आहे ते ऐका.

चालण्याचा किंवा गाडीचा वेळ अंतर म्हणून सांगताना दोन घाट आहेत. ‘अ टेन-मिनिट वॉक’: आधी ‘अ’, मध्ये जोडरेघ, आणि ‘मिनिट’ एकवचनी. किंवा ‘टेन मिनिट्स वॉक’: ‘अ’ नाही, ‘मिनिट्स’ अनेकवचनी, ‘एस’नंतर वरचा स्वल्पविराम. ‘अ टेन-मिनिट्स वॉक’ ही दोन्हींची सरमिसळ सगळीकडे दिसते. पहिला घाट पक्का करा, दुसरा वाचताना ओळखता आला तरी पुरे.

मापांबद्दल थोडक्यात. ब्रिटनमधल्या रस्त्यांवरच्या पाट्या मैल आणि यार्डांत असतात, अमेरिकेत मैल आणि फुटांत. मैल म्हणजे सुमारे १.६१ किलोमीटर, यार्ड ०.९१ मीटर, फूट ३०.४८ सेंटीमीटर, समुद्री मैल वेगळा, १,८५२ मीटरचा. किलोमीटरच्या लघुरूपाला अनेकवचनातही ‘एस’ लागत नाही आणि आकड्यानंतर एक जागा सोडायची. एकूण अंतर एकच मानलं तर क्रियापद एकवचनी: ‘टेन किलोमीटर्स इज अ लाँग वे टू वॉक.’ आणि ‘लाइट इयर’ नावात वर्ष असलं तरी ते अंतर आहे, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. ‘लाइट इयर्स अगो’ असं कुणी म्हटलं तर ते ‘किलोमीटरपूर्वी’ म्हटल्यासारखंच आहे.

पायरी ५: लवकर आणि उशिरा

‘लवकर ये’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या विनंत्या दडलेल्या असतात. ठरल्या वेळेच्या आधी ये: ‘कम अर्ली.’ आजपासून थोड्याच दिवसांत ये: ‘कम सून.’ वेगाने ये, वेळ लावू नको: ‘कम क्विकली.’ इथेही पहिल्या पायरीचं शून्यच उपयोगी पडतं. ‘अर्ली’चं शून्य ठरलेली वेळ, ‘सून’चं शून्य आत्ता, आणि ‘क्विकली’ला शून्यच नाही, ते गती सांगतं. ‘सकाळी लवकर उठतो’ म्हणजे ‘आय गेट अप अर्ली’. ‘आय गेट अप सून’ म्हणालात तर ऐकणारा तुम्ही थोड्या वेळात उठणार आहात असं समजेल.

उलट बाजूला ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटर’ म्हणजे नंतर, आणि ‘लेटली’ म्हणजे हल्ली. तिसऱ्याचा उशिराशी काही संबंध नाही. ‘आय केम लेटली’ असं कधी लिहू नका.

पायरी ६: दिवसांची नावं

‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. क्रियापदावरून आपण दिशा ठरवतो. इंग्रजीला अशी मुभा नाही. मागचा परवा ‘द डे बिफोर यस्टर्डे’, पुढचा ‘द डे आफ्टर टुमॉरो’, आणि सुरुवातीचं ‘द’ गाळायचं नाही. ‘तेरवा’साठी वेगळा शब्द शोधत बसू नका, ‘थ्री डेज अगो’ किंवा ‘इन थ्री डेज’ पुरे.

‘आज सकाळी’ म्हणजे ‘धिस मॉर्निंग’, ‘टुडे मॉर्निंग’ नव्हे. ‘आज रात्री’ म्हणजे ‘टुनाइट’. ‘काल रात्री’ म्हणजे ‘लास्ट नाइट’. पण ‘काल सकाळी’ म्हणजे ‘यस्टर्डे मॉर्निंग’ हे अगदी बरोबर, त्यामुळे नियम शोधण्यात अर्थ नाही, ही चार रूपं पाठच करा. ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘धिस’ लागलं की ‘ऑन’ आणि ‘इन’ गळतात: ‘आय केम लास्ट फ्रायडे’, ‘ऑन लास्ट फ्रायडे’ नाही.

‘लास्ट वीक’ म्हणजे मागचा आठवडा. ‘द लास्ट वीक’ म्हणजे आजपासून मागे मोजलेले सात दिवस, आणि त्याबरोबर ‘हॅव’ येतं: ‘आय हॅव बीन बिझी फॉर द लास्ट वीक.’ एका ‘द’ने शून्य हललं.

‘नेक्स्ट फ्रायडे’वर मात्र जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नसतं. बुधवारी हे शब्द वापरले तर काहींना परवाचा शुक्रवार वाटतो, काहींना त्याच्या पुढचा. ‘धिस फ्रायडे’ त्या मानाने सुरक्षित. सर्वांत सुरक्षित म्हणजे तारीख, तीही महिन्याच्या नावासह, कारण ५/६ हे ब्रिटनमध्ये ५ जून आणि अमेरिकेत ६ मे वाचलं जातं. ‘बायवीकली’ही टाळा, आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा असे त्याचे दोन्ही अर्थ कोशात आहेत. पंधरवड्याला ‘फोर्टनाइट’, दिवस चौदा. अमेरिकेत हा शब्द फारसा वापरत नाहीत, तिथे ‘एव्हरी टू वीक्स’ म्हणा. दिवसाआड म्हणजे ‘एव्हरी अदर डे’.

पायरी ७: ‘पुढे ढकलली’चं भाषांतर

ही पायरी लहान, पण चुकलात तर माणूस चुकीच्या दिवशी येऊन बसेल. ‘परीक्षा पुढे ढकलली’ म्हणजे ती नंतर होणार. शब्दशः ‘पुश्ड फॉरवर्ड’ केलं तर अर्थ डगमगतो, कारण याच्याशी मिळताजुळता ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणली, आधी घेतली. नंतर होणार असेल तर ‘पोस्टपोन्ड’, ‘पुट ऑफ’ किंवा ‘पुश्ड बॅक’ म्हणा. आपण पुढे ढकलतो, इंग्रजी मागे ढकलते, आणि दोघांची परीक्षा त्याच दिवशी होते!

‘मूव्ह्ड फॉरवर्ड’वर तर संशोधन झालं आहे. बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली, तर आता कोणत्या वारी? इंग्रजी भाषकांपैकी काही सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅम्स्कर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विमानतळावर नुकतेच उतरलेले प्रवासी शुक्रवारकडे जास्त झुकले; कुणाला घ्यायला येऊन थांबलेल्यांमध्ये तो कल कमी होता. तेव्हा हा प्रयोग आपल्या बैठकीवर करू नका. ‘प्रीपोन’ भारतीय इंग्रजीत रुळलेला आहे, बाहेर सगळ्यांना कळेलच असं नाही. ब्रिटनमध्ये ‘ब्रिंग फॉरवर्ड’, अमेरिकेत ‘मूव्ह अप’.

पायरी ८: एका मेलवर सगळं तपासा

हा मजकूर आधी स्वतः दुरुस्त करून पाहा, मगच खाली वाचा.

‘आय ॲम वेटिंग सिन्स टू वीक्स. आय हॅव सेंट द फॉर्म बिफोर ट्वेंटी डेज. युवर ऑफिस इज फाइव्ह किलोमीटर्स फार. आय केम ऑन लास्ट फ्रायडे, बट माय अपॉइंटमेंट वॉज पुश्ड फॉरवर्ड. प्लीज रिप्लाय अनटिल मंडे. आय विल कॉल आफ्टर फाइव्ह डेज.’

दोन आठवडे ही लांबी आहे आणि वाट पाहणं अजून संपलेलं नाही: ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टू वीक्स.’ फॉर्म पाठवून झालेला, शून्य आत्ता: ‘आय सेंट द फॉर्म ट्वेंटी डेज अगो.’ आकडा आला म्हणून ‘फार’ गेलं: ‘युवर ऑफिस इज फाइव्ह किलोमीटर्स अवे.’ पुढे ‘आय केम लास्ट फ्रायडे, बट माय अपॉइंटमेंट वॉज पोस्टपोन्ड.’ उत्तर एकदाच यायचं आहे: ‘प्लीज रिप्लाय बाय मंडे.’ त्यातही सोमवार धरून की सोमवारच्या आधी, हा वाद नको असेल तर ‘बाय दि एंड ऑफ मंडे’.

शेवटचं वाक्य ‘आय विल कॉल इन फाइव्ह डेज’ असं होतं. व्याकरण बरोबर आहे, पण पट्टीचं शून्य तुम्ही मेल लिहिला त्या दिवशी आहे आणि वाचणारा तो दोन दिवसांनी उघडू शकतो. त्याचं ‘आत्ता’ वेगळं. बोलताना ‘इन फाइव्ह डेज’ ठेवा. मेलमध्ये ते खोडून वार आणि तारीख लिहा.